लढतीखालचं संगीत

१९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर २' हा आर्केड खेळ बाजारात आणला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी पूर्व लंडनच्या बो आणि आसपासच्या वस्त्यांमधून ग्राइम नावाचं संगीत बाहेर पडलं. ग्राइमवर लिहिणारे या दोन गोष्टी हमखास जोडतात, पण बहुधा एका ओळीत जोडून मोकळे होतात: ही मुलं लहानपणी तो खेळ खेळली आणि मोठेपणी त्यातले आवाज त्यांनी आपल्या गाण्यांत घातले. हे खरं आहे, पण एवढंच खरं असतं तर विषय दोन पानांत संपला असता. माझ्या मते ग्राइमने त्या खेळाकडून आवाजांपेक्षा मोठी गोष्ट घेतली. संगीताने काय काम करायचं याची एक ठाम कल्पना घेतली. दोन माणसं एकमेकांना भिडलेली असताना त्यांच्या खाली वाजत राहायचं, त्यांना जागा द्यायची, त्यांचा ताण वाढवायचा आणि तरीही स्वतःचा चेहरा लपवायचा नाही, असं ते काम आहे. पुढच्या पानांत ग्राइमची माणसं, रेकॉर्ड आणि जागा येतील. त्याआधी ही एक गोष्ट नीट मांडायला हवी, कारण तिच्याशिवाय या संगीताचा थंड, कोरडा आणि हट्टी स्वभाव कळत नाही.

ग्राइम अजिबात न ऐकलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांचा वेग, कंप्युटरवर किंवा कीबोर्डवर बांधलेला मोकळा-मोकळा बीट आणि त्यावर झपाट्याने शब्द फेकणारा एमसी. एमसी बहुधा आठ किंवा सोळा मात्राखंडांच्या तुकड्यांत बोलतो आणि माइक पुढच्याच्या हातात देतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात जसा समोरच्या फडाला शब्दांनी चीत करण्याचा हट्ट असतो, तसाच इथे असतो; फक्त इथे अध्यात्माचा सवाल नसतो, इज्जतीचा असतो. एखादी ओळ जबर लागली की डीजे रेकॉर्ड मागे फिरवून बीट पहिल्यापासून लावतो. हे सगळं घडलं ते परवाना नसलेल्या रेडिओ केंद्रांवर, म्हणजे पायरेट रेडिओवर. त्यातलं रिन्स एफएम १९९४ पासून चालू होतं. वायली, डिझी रॅस्कल, जॅमर, डी डबल ई, स्केप्टा आणि त्याचा भाऊ जेएमई ही त्यातली ठळक नावं. डिझीचा 'बॉय इन द कॉर्नर' २००३ साली आला आणि त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा तो विशीतही नव्हता.

आता खेळाकडे वळू. 'स्ट्रीट फायटर २'चं बहुतेक संगीत योको शिमोमुरा या तरुण संगीतकर्तीचं आहे. काही मोजक्या चाली इसाओ आबे यांच्या आहेत. शिमोमुरा ओसाका कॉलेज ऑफ म्युझिकमधून १९८८ साली पियानो शिकून बाहेर पडल्या आणि थेट खेळांच्या कंपनीत दाखल झाल्या. त्यांच्या हाती आलं ते वाद्य म्हणजे आर्केड यंत्रातली यामाहाची वायएम २१५१ ही चिप. एका वेळी आठ सूर, तेही फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन या पद्धतीने घडवलेले. या पद्धतीत एक लहर दुसरीला हलवते आणि त्यातून धातूसारखा, काचेसारखा, किंचित कर्कश नाद निघतो. व्हायोलिनची ऊब तिच्यात आणणं फार अवघड, घंटेची धार मात्र सहज येते. ठोसे आणि आरोळ्या वाजवायला ओकी कंपनीची दुसरी चिप होती आणि तिच्यावर एका वेळी चारच नमुने वाजू शकत. शिवाय ही चाल वाजणार होती ती शांत खोलीत नाही, तर वीस यंत्रं एकदम किंचाळत असलेल्या आर्केडमध्ये. तिथे नाजूक सुरावट ऐकूच येत नाही. चाल छोटी हवी, ठसठशीत हवी, वरच्या पट्टीत चमकणारी हवी आणि पहिल्या दोन सेकंदांत ओळखू यायला हवी. शिमोमुरांनी नेमकं हेच साधलं. खेळातल्या गाइल, चुन-ली, ब्लांका या लढवय्यांच्या चालींपैकी कोणतीही आज पियानोवर एका बोटाने वाजवली तरी खेळलेला माणूस मान वळवतो. (नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेल्या वाचकाला हा गोंगाट वेगळा सांगायला नको. आपल्याकडे 'मुस्तफा' म्हणून गाजलेला खेळ त्याच कॅपकॉमचा, १९९३ सालचा.)

पण या चालींचं खरं वैशिष्ट्य त्यांच्या वागणुकीत आहे. प्रत्येक चाल एका लढवय्याच्या मुलुखाशी बांधलेली आहे; तुम्ही कुणाच्या अंगणात भांडताय ते ती सांगते. साधारण मिनिटभरात ती फिरून पहिल्या जागी येते आणि कुणीतरी पडेपर्यंत फिरत राहते. तिला शेवट नाही, कारण शेवट करणं तिच्या हातात नाही, तो खेळणाऱ्यांच्या हातात आहे. वरच्या बाजूला ९९ पासून उलटी मोजणी चालू असते. चालीच्या मधोमध ठोसे, किंकाळ्या, 'हादोकेन'सारख्या आरोळ्या सतत घुसत असतात आणि त्या घुसल्या तरी चाल कोलमडत नाही, कारण ती मुळातच फटी ठेवून रचलेली आहे. आणि एखाद्याचा जीव संपत आला की तीच चाल घाईला येते, वेगवान रूपात वाजू लागते. म्हणजे संगीत लढतीकडे पाहत असतं आणि तिच्याप्रमाणे बदलत असतं. चित्रपटाचं पार्श्वसंगीतही प्रसंगाप्रमाणे बदलतं, पण ते आधी ठरलेल्या प्रसंगासाठी लिहिलेलं असतं. इथे प्रसंग दोन माणसं त्या क्षणी घडवत असतात आणि संगीताला निकाल ठाऊक नसतो.

हे लक्षात ठेवून ग्राइमचे सुरुवातीचे बीट ऐकावेत. २००२ च्या सुमारास 'म्युझिकल मॉब'च्या नावाने आलेला 'पल्स एक्स' हा त्यातला सर्वांत उघडा नमुना. त्यात एक तुकडा आठ मात्राखंड वाजतो, मग दुसरा आठ, मग पुन्हा पहिला. नाचणाऱ्यांनी तक्रार करावी इतका तो रिकामा आहे. एमसींनी मात्र तो डोक्यावर घेतला, कारण त्या रिकाम्या जागेत त्यांना उभं राहता येत होतं. वायलीचा 'एस्किमो' त्याच काळातला. पोकळ, घसरत जाणारा बेस, मधे मोठ्या फटी आणि वरून बर्फावर खडा टाकावा तसे सुटे नाद. तो वाजला की वायलीचा प्रदेश सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळायचं. त्याने पुढे त्याच थंड घराण्यातले कितीतरी बीट केले आणि त्या सगळ्यांना मिळून एस्किबीट असं नाव पडलं. बीट एका माणसाच्या मुलुखाची खूण होतो, फिरत राहतो, आवाजांना फटीतून आत घेतो आणि निकाल लागेपर्यंत संपत नाही. डीजेने मागे फिरवला की फेरी पुन्हा पहिल्यापासून. इतकी साम्यं केवळ योगायोगाने जुळली असं म्हणायला माझं मन धजावत नाही.

तारखांवरून कुणी शंका काढील की मधे तब्बल एक दशक गेलं. पण हे दशकच या युक्तिवादाचा कणा आहे. वायलीचा जन्म १९७९ चा, डी डबल ईचा १९८० चा, जॅमर आणि स्केप्टा यांचा १९८२ चा, डिझीचा १९८४ चा, जेएमईचा १९८५ चा. खेळ आर्केडमध्ये आला तेव्हा ही मुलं सहा ते बारा वर्षांची होती. १९९२ साली तो सुपर निन्टेंडो या घरी खेळायच्या यंत्रावर आणि पुढच्या वर्षी सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला. एकट्या निन्टेंडोच्या आवृत्तीच्या ६३ लाख प्रती जगभर खपल्या. म्हणजे कान घडायच्या वयात हे संगीत घरात आलं, आणि खेळाचं संगीत रेडिओवरच्या गाण्यासारखं आठवड्यातून चार वेळा कानावर पडत नाही. एका संध्याकाळी तीच चाल पन्नास वेळा फिरते. मूल ती ऐकत असतं असंही नाही. ते लढत असतं आणि चाल आपोआप अंगात मुरत असते. अशा रीतीने आत गेलेलं संगीत बाहेर यायला दहा वर्षं लागली, कारण तेवढ्या वर्षांनी ही मुलं बीट बांधायच्या वयाला आली.

आणि बीट बांधायला त्यांनी हातात घेतलं तेही बऱ्याच जणांच्या बाबतीत खेळाचंच यंत्र होतं. १९९९ साली प्लेस्टेशनसाठी 'म्युझिक २०००' नावाची एक डिस्क निघाली. तिच्यात लढाई नव्हती. खेळाच्याच कंट्रोलरने बटणं दाबत पडद्यावर ठोकळे मांडायचे आणि त्यांतून गाणं रचायचं. केलेलं काम मेमरी कार्डवर साठवायचं, आणि त्या कार्डाची क्षमता अवघी १२८ किलोबाइट. लंडनच्या सरकारी वसाहतींमध्ये स्टुडिओ परवडणारे फार थोडे होते, प्लेस्टेशन मात्र घरोघर होतं. ग्राइमच्या कित्येक निर्मात्यांनी, स्केप्टा आणि जेएमई यांच्यासह, सुरुवात या डिस्कवर किंवा फ्रूटीलूप्स या कंप्युटर प्रोग्रामवर केली. अंगठ्याने ठोकळे मांडून केलेल्या संगीतात ठेका काटेकोर जाळीत बसतो, त्यातली लवचीकता जाते, तुकडे जसेच्या तसे परत येतात. ग्राइमच्या आधीचं यूके गॅरेज हे नृत्यसंगीत झुलणारं, लाडिक होतं. ग्राइमने ती झूल काढून टाकली. त्यामागे स्वभाव होता तसं साधनही होतं.

आता गंभीर आक्षेप. एमसींची भिडंत जमैकातून आली, व्हिडिओ गेममधून नाही. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून साउंड सिस्टिम, म्हणजे मोठ्या ध्वनिसंचावर रेकॉर्ड वाजवणाऱ्या टोळ्या, एकमेकींना आव्हान देत होत्या. त्यांतून डीजेंची (तिथे डीजे म्हणजे माइकवर बोलणारा) शब्दबाजी आली, ती स्थलांतरितांबरोबर लंडनला पोचली, तिथून जंगल नावाच्या नृत्यसंगीतात, तिथून गॅरेजमध्ये आणि अखेर ग्राइममध्ये. डबप्लेट (खास एका डीजेसाठी कापलेली रेकॉर्ड), रिडिम (शब्दांखाली वाजणारा बीट), रेकॉर्ड मागे फिरवणं हे सारं त्याच वारशातलं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जो लेखक जमैकाला बाजूला सारून ग्राइमचा जन्म जपानी चिपमध्ये शोधतो तो कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास पुसतो, आणि हे आजवर पुरेसं झालेलं आहे. माझा दावा त्यामुळे खोटा पडत नाही, त्याची हद्द ठरते. भिडंत जमैकाची आहे. प्रश्न असा की त्या भिडंतीखालचा नाद असा का झाला? जमैकाच्या रिडिममध्ये बेस गोलाईचा असतो, अंगाला मिठी मारतो; जंगलमध्ये ड्रमचे तुकडे उसळतात; गॅरेजमध्ये मुलायम सूर आणि बायकांचे गोड आवाज असतात. या तिघांपैकी कुणाच्याही घरात 'एस्किमो'चा तो निर्जन, प्लास्टिकसारखा गारठा सापडत नाही. तो कुठून आला याचं उत्तर जमैकाचा वारसा देत नाही. जुन्या रिवाजाला या पिढीने आपल्या बालपणातला नाद दिला, एवढंच मी म्हणतो, आणि एवढं माझ्या युक्तिवादाला पुरतं.

तांत्रिक बाजू जाणणारा वाचक इथे मला अडवील. 'एस्किमो'चा आवाज वायलीने कोर्गच्या ट्रायटन कीबोर्डवरून काढला, त्यात आधीच भरलेल्या चौकोनी लहरीच्या एका आवाजातून. ट्रायटन १९९९ चा, यामाहाची ती चिप ऐंशीच्या दशकातली, आणि दोघांची नाद घडवण्याची पद्धतही निराळी. मग वारसा कसला? उत्तर निवडीत आहे. ट्रायटनमध्ये शेकडो आवाज होते: मखमली तंतुवाद्यं, भव्य पियानो, हरतऱ्हेच्या बासऱ्या. अमेरिकेतल्या हिपहॉप निर्मात्यांनी त्याच कीबोर्डमधून श्रीमंती काढली. बोमधल्या मुलाने त्यातून सर्वांत स्वस्त, खेळण्यासारखा वाटणारा आवाज उचलला, त्यावर घुमाराही फारसा चढवला नाही आणि तो गंभीरपणे, धमकीसारखा वापरला. असा आवाज एखाद्याला धमकीसारखा ऐकू येतो तो केव्हा? आयुष्यातल्या पहिल्या लढती ज्याने अशाच आवाजांखाली लढल्या असतील तेव्हा. पन्नाशीच्या श्रोत्याला तोच आवाज २००२ साली खेळण्याचा वाटला असेल आणि त्याचं हसूही आलं असेल.

ग्राइममधल्या पौर्वात्य सुरावटींचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. २००२-०३ च्या आसपास जॅमर, वायली आणि इतरांच्या काही बीटांमध्ये चिनी किंवा जपानी भासणारे पंचस्वरी तुकडे येऊ लागले. हायपरडब या रेकॉर्ड लेबलचा संस्थापक कोड नाइन याने पुढे त्यांना सायनोग्राइम असं नाव दिलं. हे सूर 'स्ट्रीट फायटर'मधून आले असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कुंग-फू चित्रपट होतेच, आणि त्या चित्रपटांतले संवाद-आवाज १९९३ साली आपल्या पहिल्या अल्बमवर पेरणारा न्यूयॉर्कचा हिपहॉप गट वू-टँग क्लॅनही होता. या मुलांनी दोन्ही पचवलं होतं. एकेका सुराचा बाप शोधण्यात अर्थ नाही. पण चित्रपटातला पूर्वेकडचा सूर आणि खेळातला सूर यांत एक फरक आहे. खेळातला सूर सुरुवातीपासून कृत्रिम आहे. शिमोमुरा या जपानी संगीतकर्तीने आठ सुरांच्या चिपवर कल्पनेतला चीन रचला, कल्पनेतला ब्राझील रचला, सोव्हिएत संघ रचला. भारतही रचला: धालसिम हा हातपाय ताणून मारणारा योगी, त्याच्या रंगमंचावर ओळीने हत्ती, आणि खाली भारताची दूरची आठवणही न करून देणारी, तरी भारताची म्हणून ठसलेली चाल. आपल्याला त्यावर हसू येतं, थोडा रागही यावा. पूर्व लंडनच्या मुलांनी घेतला तो हा कल्पनेतला, दुसऱ्यांदा नकलेला पूर्व. खऱ्या चिनी संगीताशी त्यांचा संबंध नव्हता. या नकलेच्या नकलेकडे कुवेतमध्ये वाढलेली संगीतकार फातिमा अल कादिरी हिने जाणूनबुजून पाहिलं. २०१४ चा तिचा 'एशियाटिश' हा अल्बम सायनोग्राइमच्याच नादातून पश्चिमेच्या मनातला चीन उभा करतो आणि उघडाही पाडतो. टीका करायला तिला ग्राइमबाहेर जावं लागलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटचा आक्षेप स्मरणरंजनाचा. खेळांच्या जुन्या संगीताला आता प्रतिष्ठा आली आहे. २०१४ साली 'डिगिंग इन द कार्ट्स' ही जपानी खेळसंगीतावरची माहितीपट-मालिका आली, २०१७ साली त्याच नावाचा संग्रह कोड नाइन आणि मालिकेचा दिग्दर्शक निक ड्वायर यांनी हायपरडबवर काढला. मग आपणही लहानपणी हेच ऐकलं असं म्हणायला सगळे पुढे येतात, आणि असा पुरावा कच्चा असतो. म्हणून मुलाखती बाजूला ठेवून रेकॉर्डांचा क्रम पाहावा. थेट उचललेले आवाज सुरुवातीलाही अधूनमधून सापडतात, पण खेळाचं नाव मोठ्याने घेणं मुख्यतः नंतर वाढलं. लीड्सचा ग्राइम आणि रॉक एकत्र करणारा बँड 'हादोकेन!' हे नाव लावून उभा राहिला तो २००६ साली. ब्रिस्टलच्या जोकर या निर्मात्याने खेळासारख्या झगमगीत सिंथेसायझरांनी 'पर्पल' म्हणवला गेलेला नाद गाजवला तो २००९ च्या सुमारास. डी डबल ईचा 'स्ट्रीट फायटर रिडिम' २०१० चा. याउलट मी वर सांगितलेली वागणूक, म्हणजे फटी, फेऱ्या, मुलुखाची खूण आणि गारठा, ही सगळी २००२ मध्येच तयार आहे, जेव्हा कुणालाही त्याचं श्रेय खेळाला देण्यात फायदा नव्हता. आठवणीने गोष्ट रचली असती तर नाव आधी आलं असतं आणि रचना मागून. इथे उलट घडलं. मधला दुवा म्हणून २००४ ची 'लॉर्ड ऑफ द माइक्स' ही डीव्हीडी पाहता येते: लेटनस्टोनमध्ये जॅमरच्या आईवडिलांच्या घराचं तळघर, समोरासमोर दोन एमसी, खाली फिरणारा बीट. वायली विरुद्ध कानो ही त्यातली गाजलेली लढत. लोगन सामा हा ग्राइमचा नावाजलेला रेडिओ डीजे पुढे 'स्ट्रीट फायटर'च्या स्पर्धांचा समालोचक झाला, त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही.

एक बाब मात्र या सगळ्यात खटकते. कॅपकॉमच्या त्या काळच्या खेळांत संगीतकारांची नावं बहुधा टोपणनावाने येत. लंडनमधल्या एका पिढीचा कान ज्यांनी घडवला त्या शिमोमुरांचं नाव त्या पिढीला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. १९९३ साली त्या कॅपकॉम सोडून स्क्वेअर या खेळांच्या कंपनीत गेल्या आणि पुढे 'किंगडम हार्ट्स'च्या संगीताने जगभर ओळखल्या गेल्या. ग्राइमच्या इतिहासात मात्र त्यांना अजून तळटीपेपुरतीच जागा मिळते. दुसऱ्या बाजूला, ग्राइमलाही बराच काळ लंडनच्या पोलिसांनी संगीत म्हणून वागवलं नाही. 'फॉर्म ६९६' नावाचा धोका-मूल्यांकनाचा अर्ज २००५ ते २०१७ इतकी वर्षं क्लबांच्या डोक्यावर होता आणि ग्राइमचे कार्यक्रम त्यात वारंवार अडकले. २०१६ साली स्केप्टाच्या अल्बमला मर्क्युरी पारितोषिक मिळालं तेव्हाही तो अर्ज लागूच होता. त्या अल्बमचं नाव 'कोनिचिवा', म्हणजे जपानीत 'नमस्कार'.

पुढची पानं वाचण्याआधी वाचकाने एक करावं. चुन-लीची मूळ आर्केडमधली चाल, 'पल्स एक्स', 'एस्किमो' आणि मग 'लॉर्ड ऑफ द माइक्स'मधली एखादी लढत या क्रमाने ऐकावी. सुरावटी जुळतात का ते शोधू नये, त्या बहुधा जुळणार नाहीत. बीट आवाजांना कुठे जागा देतो आणि ती जागा रिकामी राहिली तर कसा वागतो, तेवढंच ऐकावं. माझा युक्तिवाद टिकतो की नाही ते या अर्ध्या तासात ठरेल.